गरुडकवच आणि बिनपात्यांचा पंखा

"पेटी भरली आहे," कॉम्प्युटरच्या पडद्यावर अक्षरं उमटली.

"तुझ्या बापाची भरली!" स्टोअरकीपर ओरडला आणि त्याने माऊस टेबलावर आपटला.

कॉम्प्युटरला बाप नसल्यामुळे त्याने तेच वाक्य पुन्हा दाखवलं. शब्द बदलला नाही, आवाज चढवला नाही. तापलेल्या माणसाला चीड येते ती नेमकी याचीच.

वास्तविक "जागा नाही" म्हणणं हा स्टोअरकीपरचा हक्क. पंपांच्या कारखान्यात स्टोअरच्या खिडकीमागे बसून त्याने हे दोन शब्द किती लोकांच्या तोंडावर फेकले असतील त्याला गणती नाही. त्याचं दुसरं ठेवणीतलं वाक्य म्हणजे "जुना आणा, नवा न्या." झिजलेला वॉशर हातात पडल्याशिवाय नवा तो खुद्द मॅनेजरलाही देत नसे. हे ठीकच, हिशेबी माणूस असंच वागतो. पण जमलेले जुने वॉशर भंगारात काढायची वेळ आली की त्याला ते टाकवत नसत, आणि रीतसर परवानगी काढून तो ते घरी आणायचा. घरी माळा होता. माळ्यावर जाण्याचा रस्ता होता, येण्याचा नव्हता.

किल्ल्यांना वेढे घालायचा हा ऑनलाइन खेळ त्याला लेकीने शिकवला होता, बाबांची चिडचिड कमी व्हावी म्हणून. खेळातलं त्याचं नाव 'रणधुरंधर'. अख्खा उन्हाळा झुंजून, बोटं दुखेपर्यंत लढून आज रणधुरंधराने गरुडकवच जिंकलं होतं. ते अंगावर असलं की बाण लागत नाहीत आणि लॉबीत लोक वळून बघतात. कवच खेळातल्या टपालात येऊन पडलं होतं. दुपारचा वेढा संपायच्या आत सामानाच्या पेटीत घेतलं तर याचं, नाहीतर परत सरकारजमा. आणि पेटी भरली होती.

"बाबा, त्या फुटक्या ढाली टाका ना," लेक मागून म्हणाली.

"टाका कशा? लागतात त्या."

"कधी लागल्या?"

"अजून नाही लागल्या, म्हणजे आता लागणार!"

"आणि हा एकच बूट?"

"दुसरा मिळाला की जोडी होईल."

"मग पैसे भरून मोठी पेटी घ्या."

स्टोअरकीपरचे कान लाल झाले. "मी? जन्मभर गोदाम सांभाळलेला माणूस मी, खेळातलं गोदाम भाड्याने घेऊ? लुटारू आहेत लेकाचे! आधी कचरा गळ्यात मारायचा आणि मग तो ठेवायला जागा विकायची!"

हे बोलणं अगदीच चूक नव्हतं. पण खऱ्या बोलण्याने पेटी रिकामी होत नाही. लेक खांदे उडवून निघून गेली. स्टोअरकीपरने तोड काढली: लॉबीत जायचं, कुणा भल्या माणसाकडे ढाली घटकाभर ठेवायला द्यायच्या आणि कवच उचलायचं.

लॉबी म्हणजे वेढ्याआधी खेळाडू जमतात ती बैठक. लिहूनही बोलता येतं, माईक दाबून तोंडानेही. रणधुरंधराने एका बोटाने, काना-मात्रा तपासत लिहिलं: "नमस्कार. कृपया कोणी माझ्या ढाली थोडा वेळ सांभाळेल काय?" त्याचं लिहून होईस्तोवर वर शंभर ओळी धावून गेल्या. कोणी हसण्याची चित्रं टाकत होतं, कोणी शिव्या, आणि 'झोपाळू राक्षस' नावाचा एक इसम पुन्हा पुन्हा विचारत होता, "मांजर कोण विकतंय?" या खेळात मांजरं नव्हतीच.

रणधुरंधराने पुन्हा लिहिलं. मग पुन्हा. लॉबी म्हणाली, "तेच तेच लिहू नका." त्याने शब्द बदलले. कोणी ढुंकून पाहिलं नाही. राक्षसाने मात्र विचारलं, "मांजर आहे का?"

तेव्हा स्टोअरकीपरने जे लिहिलं त्यातला 'राक्षसा' एवढा एकच शब्द छापण्याजोगा होता. बाकीच्या जागी चांदण्या उमटल्या आणि खाली लाल पाटी आली: "वाईट भाषेमुळे आजच्यापुरतं तुमचं लिहिणं बंद."

"मांजरवाला मोकाट, आणि तोंड माझं बांधता!" तो कडाडला. लिहिणं बंद होतं, बोलणं नव्हतं. त्याने दात-ओठ खात माईकचं बटण दाबलं आणि घसा खाकरला.

त्याच क्षणी बायको दारात आली. तिच्या हातात बादली होती.

"अहो, बाथरूमचं छत गळतंय. प्लंबर आलाय. पाइप माळ्यावर आहे म्हणतो, आणि माळ्यावर हात घालायला जागा नाही. उठा, सामान उतरवा."

"थांब जरा! माझं इथे कवच चाललंय!"

"तुमचं कवच चाललंय, माझं छत चाललंय! तो बिनपात्यांचा पंखा आधी काढा."

"पंखा चालू आहे तो!"

"पाती कुठायत?"

"पाती मिळतात बाजारात."

"आणि मिक्सर गेला त्याला किती वर्षं झाली, त्याचं खोकं कशाला ठेवलंय?"

"मिक्सर हलवायची वेळ आली तर?"

"गेलेला मिक्सर कुठे हलवणार? आणि त्या खोक्यात तरी काय भरलंय? दुसरी खोकी!"

"ए बाई, घर माझं आहे, माळा माझा आहे, मी—"

"काकू, तुमचं बरोबर आहे," एक भरड आवाज म्हणाला.

बायकोने प्लंबरकडे पाहिलं. शिडी धरून उभ्या असलेल्या प्लंबरने मान हलवून आपण नाही असं सांगितलं.

"मी झोपाळू राक्षस बोलतोय," कॉम्प्युटर म्हणाला. माईक मघापासून चालूच होता. "काका, पंख्याला पाती नाहीत तर तो पंखा कसला?"

"काकू, सोडू नका!" दुसरा ओरडला. "आमचे बाबापण असेच आहेत!"

हेडफोन असता तर हे आवाज खोलीभर झाले नसते. हेडफोन मोडला होता. तो माळ्यावर जपून ठेवला होता.

स्टोअरकीपरच्या अंगाची आग आग झाली. "इतका वेळ गळा काढतोय तेव्हा मेला होतात काय रे सगळे? आत्ता बरी वाचा फुटली!"

"काका, तुम्ही लिहिता ते कोण वाचणार? काकू कसं मुद्द्याचं बोलतात."

"साहेब," आता प्लंबरही बोलला, "मला पुढे दुसरं घर आहे."

लॉबीपुढे शोभा नको म्हणून स्टोअरकीपर धुसफुसत शिडीवर चढला. पंखा उतरला, खोकी उतरली, खोक्यांतली खोकी उतरली. प्लंबर पाइपापाशी पोचला आणि वरून ओरडला, "वॉशर गेलाय! माझ्याकडे या मापाचा संपलाय, आणि सुट्टीची दुकानंही बंद. तुमच्याकडे आहे का एखादा?"

काळ असा क्वचित कुणाच्या बाजूने उभा राहतो. स्टोअरकीपरने छाती फुगवली. "ऐका रे!" तो थेट कॉम्प्युटरकडे बघून गरजला. "ऐक ग तूही! टाका टाका म्हणत होता ना? एक काय, पोतंभर वॉशर आहेत माझ्याकडे!"

त्याने पोतं फरशीवर पालथं केलं. प्लंबरने एक वॉशर उचलला, बोटाने दाबला, टाकला. दुसरा उचलला, टाकला. तिसऱ्याचे दोन तुकडे झाले.

"साहेब, एकही धड नाही."

असणार कसा? जुना आणा, नवा न्या! धड असलेला वॉशर कुणी खिडकीत परत आणून दिला असता? स्टोअरकीपरने इतकी वर्षं गावभरचे झिजलेले वॉशर निवडून निवडून घरी आणले होते, आणि हे त्याच्या ध्यानात आत्ता, बायको, प्लंबर आणि भरल्या लॉबीसमक्ष येत होतं. कॉम्प्युटरमधून हास्याचा असा स्फोट झाला की टेबलावरची पेन्सिल हलली.

प्लंबरने टेप गुंडाळून वेळ मारून नेली आणि उद्या येतो म्हणाला. बायको मात्र हसली नाही. ती पडद्यासमोर येऊन उभी राहिली.

"त्या तुमच्या कवचाला किती वेळ उरलाय?"

"संपत आलाय," राक्षसाने परस्पर सांगितलं.

"मग कारखान्यात काय म्हणता तुम्ही? जुना आणा...?"

"तिथली गोष्ट वेगळी," स्टोअरकीपर पुटपुटला.

"जुना आणा!" लॉबी एका सुरात ओरडली.

चरफडत त्याने पहिली फुटकी ढाल टाकली. मग दुसरी. एका बुटापाशी बोट अडलं, बायकोने नुसतं "अं?" केलं, आणि बूटही गेला. कवच पेटीत आलं आणि त्याच क्षणी वेढा संपल्याचं शिंग वाजलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना त्याची पावलं पळत होती. काल झाली ती शोभा झाली. आज गरुडकवच घालून लॉबीत शिरायचं, आणि त्या दात काढणाऱ्यांची थोबाडं बघायची. चहालाही न थांबता त्याने कॉम्प्युटर लावला, कवच चढवलं, लॉबीचं दार दाबलं.

"लॉबी भरली आहे."

"आता ही पण?" तो किंचाळला. पुन्हा दाबलं. भरली आहे. कोण मेले जमलेत एवढे?

शेजारच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं. बायको लेकीच्या फोनवर लॉबी उघडून, फोन कानाला लावून पाय पसरून बसली होती.

"नाही रे राक्षसा, असं रडायचं नाही. सात मशाली कशाला हव्यात? हात किती तुला? दोन. हं. टाक पाच. आता पुढचा कोण?"

स्टोअरकीपर दारात उभा राहिला. त्याने ओरडायला तोंड उघडलं, पण शब्द भलताच मऊ निघाला.

"अगं, मला आत घे ना. कवच दाखवायचंय."

बायकोने फोनवर हात ठेवला, पण वळून पाहिलं नाही. "जागा नाही," ती म्हणाली. "एखादा जुना बाहेर पडू दे, मग नव्याचं बघू."