मॅकलेन आणि मित्रमंडळ

अंबडच्या एका महाविद्यालयात संशोधनासाठी खोली एकच होती आणि विषय सात. तिथल्या तराजूवर सकाळी जालन्याच्या कारखान्यातली लोखंडाची मळी तोलली जायची, दुपारी मोसंबीची साल. एका टेबलावर दूरच्या ताऱ्यांचे आलेख असत, तर शेजारच्या टेबलावर एसटी किती मिनिटं उशिरा येते याचं गणित. कुणाला कुणाचं काही कळत नसे, त्यामुळे भांडणंही होत नसत. फक्त प्रीती खरातचा विषय सगळ्यांना कळायचा, कारण त्याचा वास यायचा.

प्रीती शेणकिड्यांवर काम करत होती. जनावराला जंताचं इंजेक्शन दिलं की औषध शेणात उतरतं. ते शेण खाणाऱ्या किड्यांचं पुढे काय होतं, आणि किडेच मेले तर शेण मातीत कोण कालवणार, एवढाच तिचा प्रश्न होता. मागच्या व्हरांड्यात तिच्या पासष्ट कुंड्या होत्या. प्रत्येकीत माती, शेणाचा गोळा आणि मोजून सहा किडे. दोन वर्षं झाली होती, अजून दोन महिने हवे होते. पण प्राचार्य अवधूत देऊळगावकरांनी तिला स्पष्ट सांगून ठेवलं होतं: शनिवारी बाहेरून परीक्षक येणार, सातही पोस्टरं बघणार. त्यांना तिच्या कामात काही दिसलं तर कुंड्या राहतील, नाहीतर सोमवारी बाहेर.

म्हणून प्रीतीने पोस्टर जपून केलं. तीन बाय चार फूट, दोन आलेख, एक तक्ता आणि तळाशी आठ संदर्भ. शुक्रवारी संध्याकाळी किडे मोजायचे होते, त्यामुळे तिने फाइल मोबाइलवरूनच कारभारीच्या फ्लेक्सच्या दुकानात पाठवली आणि सकाळी नऊला पाहिजे असं कळवलं. कारभारीने दहा वर्षांत वाढदिवसांशिवाय फारसं काही छापलं नव्हतं, आणि ज्या फ्लेक्सवर माणसं नाहीत तो त्याला अर्धवट वाटायचा, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

शनिवारी नऊला ती बसमधून उतरली, तर पोस्टर कॉलेजच्या गेटावर टांगलेलं. दहा बाय आठ फूट. डावीकडे ती स्वतः, व्हॉट्सअॅपवर लावलेल्या मामेबहिणीच्या लग्नातल्या फोटोतून कापून काढलेली, हिरव्या पैठणीत, हात जोडून. तिच्या मागे, जिथे कारभारी नेहमी सिंह लावायचा, तिथे शेणकिडा होता. सिंहाएवढाच, डोक्यामागे सोनेरी वलय घेऊन. आणि तळाशी, संदर्भांच्या जागी, आठ गोल चौकटींत आठ मिशाळ चेहरे. तिने लिहिलं होतं, ‘मॅकलेन व सहकारी (२०१२)’. पहिल्या गोलाखाली छापलं होतं, ‘मॅकलेन आणि मित्रमंडळ, स्थापना २०१२’.

तिने ते दोनदा वाचलं आणि कारभारीला फोन लावला.

“बसला का नीट, ताई? सकाळी सहालाच बांधून आल्तो.”

हे आठ जण कोण, असं तिने विचारलं.

“नावं तुम्हीच दिल्ती की. फोटो न्हाई दिले, मंग मी आपल्या कम्प्युटरातले लावले. रिकामे गोल बरे दिसत न्हाईत.”

“कारभारीभाऊ, ते शास्त्रज्ञ आहेत. त्यातले पाच तर परदेशात राहतात.”

“मंग तर बराबरच झालं,” कारभारी म्हणाला. “इथं त्यांना कोण वळखून राह्यलंय?”

तेवढ्यात प्राचार्य आले. त्यांनी आधी पैठणी पाहिली, मग किडा, मग मिशा, आणि शिपाई वसंताला शिडी आणायला सांगितली. वसंता वर चढेपर्यंत प्रीती मोबाइलवरची मूळ फाइल आणि समोरचा फ्लेक्स ओळीओळीने ताडून बघत होती. तक्ता जसाच्या तसा होता. आलेखांची मापं बरोबर होती. कारभारीने एका दशांश चिन्हालाही हात लावला नव्हता, उलट सगळे आकडे वीतभर मोठे केले होते. दशांश चिन्ह चुकलं असतं तर तिने स्वतः दोरी कापली असती. मिशांना ती माफ करू शकत होती.

ती जाऊन शिडीच्या खालच्या पायरीवर बसली.

“सर, काढायचं कारण सांगा. यात एकही आकडा चुकलेला नाही.”

“आकड्यांचं कोण बोलतंय? कॉलेजची शोभा झालीय.”

“मग शोभेचे गुण कापा. परीक्षक काम बघायला येतायत.”

ऊठ, असं प्राचार्यांनी तिला तीनदा सांगितलं. ती तीनही वेळा बसून राहिली. मॅडम हलल्या की शिडी हलते, तेव्हा काय ते लवकर ठरवा, अशी वसंताने वरून विनंती केली. ठरायच्या आतच परीक्षकांची गाडी गेटापाशी येऊन थांबली.

परीक्षक भौतिकशास्त्राचे होते. सातांपैकी सहा विषय त्यांचे नव्हते, म्हणून ते कुठेही गेले तरी याचा समाजाला उपयोग काय, असं विचारत. तो प्रश्न सगळीकडे चालायचा. त्यांनी फ्लेक्सकडे बराच वेळ पाहिलं आणि ही आठ मंडळी कोण, अशी चौकशी केली.

प्राचार्यांचा चेहरा एकदम उजळला. हे आपले स्थानिक मार्गदर्शक, समाजाचा सहभाग, असं त्यांनी सांगून टाकलं. परीक्षकही खूश झाले. त्यासाठी फॉर्मवर वेगळा रकानाच होता. त्यांनी पेन काढलं. प्रीतीने आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि कुंड्या राहिल्या असत्या.

“नाही, सर,” ती पायरीवरूनच म्हणाली. “यांचा माझ्या कामाशी काही संबंध नाही. फोटो चुकून छापलेत. छापायच्या आधी मी बघितलं नाही, ही माझी चूक. फोटो सोडून बाकी सगळं बरोबर आहे. त्याच्यावर विचारा.”

पेन थांबलं. प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले.

नेमके तेव्हाच मोटारसायकलवरून वडीगोद्रीचे रामराव आले, मागे आणखी तीन गाड्या घेऊन. रामराव दूध केंद्राचे अध्यक्ष. त्यांचा वाढदिवस गेल्याच आठवड्यात झाला होता, आणि पहिल्या गोलातला चेहरा त्यांचा होता.

“हा मॅकलेन कोण?” त्यांनी विचारलं. “आन् माझ्या मिशीखाली त्याचं नाव कामून?”

प्रीतीने त्यांनाही खरं तेच सांगितलं: फोटो चुकून लागलाय, तुमचा या कामाशी संबंध नाही; मॅकलेन ऑस्ट्रेलियाचे, जंताच्या औषधावर त्यांनी काम केलंय.

“जनावरं किती त्याच्याकडं?”

“बारा, काका.”

“बारा.” रामरावांनी मागच्या मंडळींकडे वळून पाहिलं. “बारा जनावरावर फोटो लावून राह्यलेत लोक. माझ्या गोठ्यात अठ्ठेचाळीस हायेत.”

मग ते फ्लेक्स वाचायला लागले. आकडे रस्त्यावरूनही दिसत होते, त्यामुळे मागची मंडळीही वाचायला लागली. तक्त्यापाशी रामराव थांबले. इंजेक्शन दिलं की त्यांच्या रानात शेण महिना महिना तसंच वाळून पडायचं. ते इतके दिवस उन्हाला दोष देत होते. कोणतं इंजेक्शन, कितव्या दिवशीचं शेण, प्रीती विचारत गेली आणि वहीत लिहीत गेली. आणखी दोघांनी आपापल्या गोठ्यातलं सांगितलं. परीक्षक पुढे सरकले आणि आयुष्यात पहिल्यांदाच शेणाबद्दल त्यांनी खरा प्रश्न विचारला.

“तुलनेसाठी इंजेक्शन न दिलेली जनावरं किती आहेत तुमच्याकडे?”

“चार,” प्रीती म्हणाली. “ती कमीच आहेत, सर. जनावर तसंच सोडायला मालक तयार होत नाहीत.”

“एक मिनिट,” रामराव म्हणाले. “माझा ह्याच्याशी काही संबंध न्हाई, असं तुम्ही म्हणल्या?”

“म्हणाले. नाहीच आहे.”

“मंग करा ना संबंध. चोवीस टोचा, चोवीस सोडा. बघू तुमचा मॅकलेन काय म्हणतो.”

परीक्षकांनी तिथेच, गाडीच्या बॉनेटवर हिशेब मांडला. अठ्ठेचाळीस जनावरं, प्रत्येकाच्या पाच कुंड्या, म्हणजे दोनशे चाळीस. बऱ्याच दिवसांनी त्यांना स्वतःच्या ओळखीचं काहीतरी करायला मिळालं होतं. फॉर्मवर सहभागाचा रकाना त्यांनी कोरा सोडला आणि शिफारशीत लिहिलं: ‘पासष्ट कुंड्या अपुऱ्या आहेत.’

सोमवारी कुंड्या मागच्या व्हरांड्यातून खरंच हलल्या. तिथे दोनशे चाळीस मावत नव्हत्या. प्रीतीने शनिवारीच टेप घेऊन सगळी इमारत मोजली होती, आणि सावलीतला, पुरेसा लांब व्हरांडा एकच निघाला. तो प्राचार्यांच्या कार्यालयासमोरून जात होता.

“दुसरी जागा नाही का?” प्राचार्यांनी खिडकीतून विचारलं.

“नाही, सर. हा बावीस मीटर आहे.”

प्राचार्यांनी खिडकी लावून घेतली. प्रीतीने वहीत वेळ टिपली आणि काचेला लागून असलेल्या पहिल्या नव्या कुंडीत सहा किडे सोडले.