तुम्ही सरळ चाला, बाकी मी बघतो

भास्करभाऊ भाजी घेताना गोल फिरायचे.

पिशवी घेऊन बाजारभर फिरायचे असं नव्हे. भाजीवालीच्या समोर, एकाच जागी, स्वतःभोवती. पहिल्या गिरकीत वांग्याचा भाव विचारायचे, दुसऱ्या गिरकीत "जास्त सांगतेस" म्हणायचे आणि तिसऱ्या गिरकीत पिशवी पुढे करायचे. भाजीवाली कासा गावाहून यायची. तिला या गिऱ्हाइकाची सवय झाली होती. ते पाठमोरे असताना ती गप्प बसायची आणि तोंड समोर आलं की तेवढ्यात बोलून घ्यायची. त्यांच्या मागे ताटकळत उभी असलेली मी मात्र दर वेळी ठरवायचे, की उद्यापासून दुसऱ्या बाजारात जायचं. पण डहाणूत जवळचा बाजार तो एकच.

नोटाबंदी होऊन गेली, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. ते ज्याच्यावर उभे राहून फिरायचे, त्याला हॉवरबोर्ड म्हणतात. दोन टोकांना दोन चाकं, मध्ये पाय ठेवायला फळी, पोटात बॅटरी. धरायला काहीही नाही. माणूस पुढे झुकला की ते पुढे जातं, मागे रेलला की मागे येतं, आणि दोन पायांचं एकमत नसेल तर जागच्या जागी गिरक्या घेतं. भास्करभाऊंना जायला जमलं होतं, वळायलाही बऱ्यापैकी जमलं होतं. थांबायला जमलं नव्हतं. म्हणून जिथे थांबायचं तिथे ते फिरायचे.

वापीला राहणाऱ्या त्यांच्या भाच्याने ते हौसेने घेतलं, पहिल्याच आठवड्यात मनगट मोडून घेतलं आणि मामाच्या चिकूच्या वाडीत आणून टाकलं. दुसऱ्या कुणी ते माळ्यावर चढवलं असतं. भास्करभाऊ स्वतः त्याच्यावर चढले. वय साठीच्या पुढे, देह भारदस्त, अंगात पांढरा लेंगा नि पांढरा शर्ट, डोक्यावर मोटारसायकलचं हेल्मेट आणि डाव्या हाताच्या मुठीत सायकलची घंटी. घंटी हँडलला लावतात हे त्यांनाही ठाऊक होतं. पण हँडलच नव्हतं.

घंटी ऐकून माणसं दचकायची आणि नेमकी ते वळणार त्याच बाजूला उडी मारायची. यावर भाऊंनी उपाय काढला होता. लांबूनच ओरडायचे, "तुम्ही सरळ चाला, बाकी मी बघतो."

बघायचे ते समोरचं नव्हे, पायाखालचं. मान वर केली की तोल जायचा.

मी त्यांची शेजारीण. आमच्या दोघांच्या मध्ये फक्त एक कुंपण. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे डहाणूतला आमचा निम्मा पारनाका मला बाई म्हणतो, भाऊसुद्धा. समुद्रावर संध्याकाळी फिरणाऱ्यांचा आमचा एक गट आहे. कुठलीही तक्रार असली की गट माझ्याकडे बघतो, कारण माझा आवाज लांबवर पोचतो. त्या वर्षी तक्रार एकच होती.

समजवायला गेलं की भाऊंचं उत्तर ठरलेलं. "बाई, हे वाहन नाही. हे पादत्राण आहे. पायात घालतो तसं पायाखाली घालतो, एवढाच फरक. चपलेला कुणी लायसन्स मागतं का?"

बँकेच्या दारात रखवालदाराने अडवलं, तेव्हा त्यालाही त्यांनी हेच ऐकवलं. रखवालदार विचारात पडला आणि तेवढ्यात भाऊ आत जाऊन पासबुकाच्या रांगेवर आदळले. पुढे नवरात्रात देवळाच्या पायरीशी पुजाऱ्याने सांगितलं, पादत्राणं बाहेर काढा. भाऊ म्हणाले, "हे पादत्राण नाही हो, वाहन आहे. देवीचंसुद्धा वाहन असतंच की." पुजारी म्हणाला, देवीचं वाहन बसून राहतं. मी मागेच उभी होते. त्या पुजाऱ्याला त्या दिवशी मी जरा जास्त दक्षिणा ठेवली.

उधव्याला त्यांच्या वाडीत काम करणाऱ्या बाईच्या मुलीचं लग्न होतं. आम्हालाही बोलावणं होतं, म्हणून एकाच जीपमधून गेलो. बोर्ड भाऊंच्या मांडीवर. मी म्हटलं, "भाऊ, लग्नाला कशाला हे?" तर म्हणाले, "तिथलं अंगण फार गुळगुळीत असतं, बाई." होतंच गुळगुळीत. नवरीच्या आजीने पहाटे उठून सारवलं होतं आणि ते अजून पुरतं वाळलं नव्हतं. भाऊंनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन समांतर चर पाडले.  आजीने शेणाची पाटी आणून त्यांच्यासमोर ठेवली. भाऊ हेल्मेट घालूनच खाली बसले आणि सगळं अंगण पुन्हा सारवून दिलं. वऱ्हाड आलं, तेव्हा नवऱ्यामुलापेक्षा जास्त फोटो भाऊंचे निघाले.

मला राग त्यांच्या पडण्याचा नव्हता. घरात आजारी माणूस असताना या वयात हाडं मोडून घेण्याचे धंदे कशाला, याचा होता. निर्मलावहिनी, त्यांची बायको, एके काळी आमच्या गटात सगळ्यांत पुढे चालायच्या. आम्ही सुरूच्या झाडांपर्यंत पोचेतो त्या परत फिरलेल्या असायच्या. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, डावा पाय आणि हात मात्र आखडला. बऱ्या झाल्यावर एकदा भाऊ त्यांना समुद्रावर घेऊन आले होते. वॉकर टेकत त्या चार पावलं आल्या आणि सगळी पायवाट थांबली. भेळवाल्याने हातातलं काम थांबवलं. बाकावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. एकीने तर पदर डोळ्यांना लावला. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. वहिनी तिथूनच मागे फिरल्या, त्या पुन्हा कुंपणाबाहेर आल्या नाहीत. भेटायला गेलं की भाऊ दारातच सांगायचे, "झोपलीय ती."

आणि स्वतः मात्र घंटी वाजवत गावभर.

पावसाळा सरल्यावर त्यांनी मोर्चा समुद्रावरच्या पायवाटेकडे वळवला. एका रविवारी फुगेवाल्याला चुकवायला गेले, ते मनहरभाईंच्या पायावरून भेळेच्या गाडीत घुसले. मनहरभाईंचं वह्या-पेन्सिलींचं दुकान आहे. ते आमच्या गटातले सगळ्यांत गरीब स्वभावाचे. अंगठा काळानिळा झाला तरी ते, "काही नाय, काही नाय," म्हणत राहिले. भाऊंच्या हेल्मेटमधून शेव गळत होती. मी त्याच रात्री गटातल्या सगळ्यांना फोन केले.

बैठक आमच्या नगरसेवकांच्या ओटीवर झाली. भाऊ बोर्ड बगलेत मारून आले.

"इथे घोडा चालतो," त्यांनी सुरुवात केली. "मे महिन्यात उंट येतो. पोरांच्या सायकली चालतात, आइसफ्रूटवाल्याची गाडी चालते, बाबागाडी चालते. मग मीच का नको?"

"घोड्याला समोर माणूस आहे ते कळतं," मी म्हटलं.

"मलाही कळतं, बाई."

"तुम्हाला कळतं, पण थांबता येत नाही. घोड्याला येतं."

नगरसेवकांनी मनहरभाईंना विचारलं. ते म्हणाले, "भास्करभाई माणूस एकदम सारो, चांगला. पण पायावर येतो ना." मग कुणीतरी या बोर्डांच्या बॅटऱ्या पेट घेतात अशी बातमी मोबाइलवर दाखवली. त्यावर मी सांगितलं, की ते यांच्याकडे चार्जिंगला लागलेलं असतं तेव्हा कुंपणाच्या अलीकडे मी जागी असते.

"आणि पायवाट कुणाची?" भाऊंनी विचारलं. "चालता येतं त्यांचीच का?"

तेव्हा मला तो नुसता वाद वाटला. मी म्हटलं, "ज्यांच्यामुळे दुसऱ्याला चालता येतं, त्यांची."

ठरलं असं, की सकाळी वर्दळ नसताना चालवावं, संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत पायवाटेवर बंदी. भाऊ भांडतील म्हणून मी चार मुद्दे राखून ठेवले होते. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि निघून गेले. जिंकल्यावर माणसाला जसं वाटायला हवं, तसं मला काही वाटलं नाही. मुद्दे शिल्लक राहिल्याची चुटपुट तेवढी लागली.

त्याच आठवड्यात एका दुपारी ते माझ्याकडे आले. चालत. इतक्या महिन्यांत त्यांना बोर्डाशिवाय पाहिलं नव्हतं, त्यामुळे मी आधी ओळखलंच नाही.

"बाई, एका संध्याकाळपुरती बंदी उठवा."

"का?"

"हिला समुद्रावर आणायचंय."

"मग आणा की. वहिनींना कुणी अडवलंय? त्याला बोर्ड कशाला हवा?"

ते खुर्चीच्या कडेवर बसले. हेल्मेट नसलं की त्यांचं डोकं फारच लहान दिसायचं.

"ती आता अंगणात चालते. वाडीतल्या विहिरीपर्यंत जाते. वॉकर लागतो, पण कुणाचा हात धरत नाही. समुद्रावर चल म्हटलं, की म्हणते, सगळे बघत बसतील. मागच्या वेळी बघितलं तसे."

मागची वेळ मलाही आठवत होती.

"मी पुढे असलो ना बाई, की लोक माझ्याकडे बघतात. तुम्हीच सांगा. मी त्या फळीवर असताना तुम्ही कधी दुसऱ्या कुणाकडे बघितलंयत?"

मी आठवून बघितलं. "नाही."

"तेच तिला पटवत होतो. महिना गेला. शेवटी हो म्हणाली, आणि तुमची बंदी आली."

"म्हणजे हे सगळं तुम्ही वहिनींसाठी करत होतात?"

"छे हो. सुरुवातीला हौसच होती, खोटं कशाला बोलू?" ते थोडे ओशाळले. "अंगणात शिकताना एकदा चांगला तोंडावर आपटलो. ती खिडकीत बसली होती. हसली. दुखण्यानंतर तिचं हसणं ऐकलं नव्हतं मी. मग म्हटलं, पडायला काय जातंय."

मी चहा करायला उठले. चहात साखर दोनदा घातली गेली. भाऊंनी तो मुकाट्याने प्यायला.

"माझ्या पायावर आलात तर याद राखा," मी सांगितलं. "आणि गटाला यातलं काही कळता कामा नये. कळलं तर सगळे प्रेमाने बघायला लागतील, आणि ते आणखी वाईट."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे पायवाटेवर होतो. ऊन समुद्रावर उतरलं होतं. घंटी ऐकू आली, आणि गटातली सगळी डोकी एकदम वळली. भाऊ येत होते. त्यांच्या बरंच मागे, सुरूच्या झाडांखालून, निर्मलावहिनी निघाल्या होत्या. वॉकर पुढे ठेवायचा, उजवा पाय, मग डावा ओढून घ्यायचा. आमच्या पाठीमागे, पाण्याच्या बाजूला एक रिकामा बाक होता. तिथवर त्यांना यायचं होतं.

"बाई, बंदी आहे ना यांना?" मनहरभाईंनी पाय मागे घेत विचारलं.

भाऊ आमच्यासमोर, रस्त्याच्या बाजूला आले आणि नेमकं आजच त्यांना थांबायला जमलं; न पडता, गिरकी न घेता ते बोर्डावरून सरळ खाली उतरले. ते उतरले तशी गंमत संपली. भेळवाल्याची नजर इकडेतिकडे फिरायला लागली. आमच्यातली एक जण मान वळवत म्हणाली, "अगं, ती मागून कोण येतेय, निर्मला..."

"भास्करभाऊ," मी आवाज चढवला.

वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज बऱ्याच दिवसांनी लावला. तिची मान जागच्या जागी परत फिरली. घोडेवाला थांबला. बाकांवरची माणसं उठून आली. मी भाऊंना बैठकीतल्या शब्दाची आठवण करून दिली. त्यांचं वय काढलं. मनहरभाईंचा अंगठा काढला, उधव्याचं अंगण काढलं, बँकेतली रांग काढली. राखून ठेवलेले चारही मुद्दे वापरले. आमच्याभोवती चांगलं कोंडाळं झालं. भाऊ हेल्मेट काढून, मान खाली घालून उभे होते. मधूनच ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायचे. त्यांची नजर कुंभारमाशी घर बांधताना फिरते तितक्या धीराने, इंचाइंचाने, माझ्या डाव्या खांद्याकडून उजव्याकडे सरकत होती. मध्येच ती थांबली. माझ्याकडचं बोलणं संपत आलं होतं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. थोड्या वेळाने नजर परत हलली.

मग ती एका जागी स्थिर झाली आणि त्यांनी श्वास सोडला. वहिनी बाकावर बसल्या होत्या. मी गप्प झाले.

"आज जरा जास्त बोललात, बाई," मनहरभाई हळूच म्हणाले.

"नाही, बरोबर बोलल्या त्या," भाऊ म्हणाले. त्यांनी बोर्ड उचलून बगलेत मारला आणि बाकाकडे चालत गेले.

मी गटाला म्हटलं, चला, आज आपण दुसऱ्या बाजूने फिरू. आणि सगळ्यांच्या पुढे होऊन चालायला लागले.