मनोज धनवटे यांच्या वजनवाढीबाबत

विषय : मौजे मळईवाडी येथील रहिवासी मनोज झिपरू धनवटे यांनी स्वतःचे वजन वाढविल्याबाबत.

संदर्भ : खंडेरावाच्या यात्रेतील बारागाड्या ओढण्याचा मान.

उपरोक्त विषयी हकीकत अशी की, मनोज मुळात काडी होता. वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत तो काडीच राहिला आणि त्याबद्दल कोणाची लेखी वा तोंडी तक्रार नव्हती. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तो भांडार विभागात क्लार्क. तिथे वजनदार वस्तू कागदावरच उचलाव्या लागतात, त्यामुळे नोकरीतही अडचण नव्हती. अडचण आली ती गेल्या वर्षीच्या यात्रेत.

मळईवाडीत चैत्रात खंडेरावाची यात्रा भरते. बैल न जुंपलेल्या बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, त्यांत मावतील तेवढी आणि न मावणारीही माणसं बसवायची, पुढचा दोर एका माणसाच्या कमरेला बांधायचा आणि ‘येळकोट’च्या गजरात त्याने ती सगळी माळ देवळापासून वेशीपर्यंत ओढून न्यायची, असा रिवाज. हा मान धनवट्यांचा. मनोजचे वडील झिपरूनाना मिसरूड फुटल्यापासून गाड्या ओढत आले होते. नाना स्वतः अंगाने सुकलेल्या भेंडीसारखे. पण ही गोष्ट मनोजच्या कधी लक्षात आली नाही. (आपला बाप आपल्याला मोठाच दिसतो, त्याचं माप कोण घेतो?)

तर गेल्या वर्षी गाड्या वेशीला लागल्यावर नाना गुडघा धरून दगडावर बसले आणि यात्रा कमिटीचे अध्यक्ष यादवराव यांना म्हणाले, “यंदाचं शेवटचं. पुढच्या साली मनोज.”

तिथे मनोजचा चुलतभाऊ बहिरू उभा होता. बहिरूची वेशीवर चहाची टपरी. तो मनोजहून बारीक, पण त्याच्या जिभेला व्यायाम भरपूर.

“मन्या वढणार?” बहिरू म्हणाला. “आरं, ह्याच्या कमरंला दोर बांधला तर दोरच खाली घसरंल. गाड्या ऱ्हाऊ द्या, आधी ह्याला उपरणं वढून दाखवू द्या.”

लोक हसले. त्याचं मनोजला काही वाटलं नाही. पण नानाही हसले. ते मात्र त्याला घरापर्यंत पुरलं.

दिवाळी झाली आणि मनोजने नाशिकरोडच्या एका जिममध्ये नाव घातलं. तिथला ट्रेनर राज हा दंडावर टी-शर्ट शिवून घेतल्यासारखा दिसणारा तरुण. त्याने मनोजला आरशासमोर उभं केलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. डॉक्टर बोलत नाहीत तेव्हा वाटतं तसं मनोजला वाटलं.

“दादा, टार्गेट काय आपलं?”

“बारा बैलगाड्या.”

राजने हे शांतपणे घेतलं. जिममध्ये लोक काहीही सांगतात.

“मग आधी बल्किंग. दाबून खायचं, जड उचलायचं. पोट सुटेल, सुटू द्यायचं. यात्रा झाली की कटिंग करू, सगळं उतरवून टाकू.”

आधी मंजुरी आणि नंतर तपासणी, ही पद्धत मनोजच्या ओळखीची होती. त्याने ती बिनतक्रार स्वीकारली.

घरात बल्किंग सुरू झालं. सकाळी केळी, दूध, भिजवलेले शेंगदाणे. ऑफिसात दोन डबे, मग तीन. संध्याकाळी उकडलेली अंडी, रात्री पुन्हा भाकऱ्या. बायको मनीषा पहाटे उठून भाकऱ्या थापायची ती मनोज बाहेर पडेपर्यंत थापतच असायची.

“अहो,” ती एकदा म्हणाली, “एवढे डबे घेऊन निघता, शेजारणीला वाटलं मी घरातून काढलं तुम्हाला.”

“तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, विचार चालू आहे.”

मग प्रोटीनचा डबा आला. डब्यावर मान नसलेल्या एका माणसाचं चित्र होतं. मनोजची आई अक्काबाई यांनी ती पावडर बोटावर घेऊन चाखली आणि म्हणाल्या, “आपल्या म्हशीच्या सरकीला हिच्यापरीस चव हाय.” एवढ्यावर न थांबता त्यांनी मूठभर म्हशीच्या घमेल्यातही टाकली. म्हशीने हुंगलं आणि तोंड फिरवलं. मनोजला तेवढं स्वातंत्र्य नव्हतं.

परिणाम दिसू लागला. दंड भरले, मांड्या भरल्या, पण सर्वांत आधी पदभार स्वीकारला तो पोटाने. शर्टाचं मधलं बटण ऑफिसात, साहेबांसमोर, सुटून टेबलावर पडलं. साहेबांनी ते उचलून परत दिलं आणि म्हणाले, “धनवटे, हे आवक रजिस्टरला घ्या.” मनोजला राग आला नाही. त्याला वाटलं, बातमी पसरतेय.

या सगळ्यात नानांचं वागणं तेवढं त्याला उमगत नव्हतं. नाना रोज संध्याकाळी ओट्यावर बसून विचारत, “आज किती भरलास?”

मनोज छाती काढून (म्हणजे पोट काढून, हल्ली दोन्ही एकदमच निघत) आकडा सांगे. नाना “हं” म्हणत आणि उठून गोठ्याकडे जात. त्याला वाटे, बाप खूश आहे पण बोलत नाही. आपल्या घरात कोण बोलतं?

सकाळी मात्र निराळंच दृश्य. शेतातल्या कोथिंबिरीचा माल टेम्पोत भरून झाला की नाना मक्याचं एक पोतं खांद्यावर घेत आणि गोठ्याभोवती फेरी मारत. सावकाश, गुडघा सांभाळत, ओठ घट्ट मिटून. मनोजने एकदा बघितलं आणि ओरडला, “नाना, काय चाललंय? हे काय वय आहे पोती उचलायचं?”

“सवय मोडाया नको.”

“कसली सवय? गुडघ्याची वाट लागेल.”

नानांनी पोतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. त्या संध्याकाळी मनोजने वाढलेला आकडा सांगितला, तेव्हा नाना गोठ्यात गेले आणि त्यांनी पोत्यात आणखी एक मापटं मका ओतला. मनोजने ते ओट्यावरून पाहिलं. वाटलं, म्हातारपण. माणसं काहीतरी करत राहतात.

गुढीपाडवा झाला. यात्रा तोंडावर आली. एका संध्याकाळी यादवराव देवाचा भंडारा घेऊन घरी आले. ओट्यावर मनोज बसला होता. म्हणजे ओट्याचा बराचसा भाग तोच होता. यादवराव थबकले.

“नाना,” ते म्हणाले, “ह्यो मनोज का?”

“मनोजच.”

“आरं बाबा.” यादवराव खाली बसले. “आता रं कसं? झेपंल का तुला?”

मनोज हसला. “काका, मला झेपतंय. जिममध्ये टायर ओढतो ट्रकचा.”

“तुला न्हाय इचारत. नानाला इचारतोय.”

“नानांना काय झेपायचं आहे?”

यादवरावांनी नानांकडे पाहिलं, नानांनी गोठ्याकडे.

“आरं, मान काय चिठ्ठीवर देत्यात व्हय?” यादवराव म्हणाले. “जुन्या मानकऱ्यानं नव्याला खांद्यावर बसवून देवळाला एक फेरा घालायचा. पाय भुईला टेकला तर मान त्या साली घरातनं गेला, भावकीत दुसऱ्याकडं. तुझ्या आज्यानं नानाला असाच फिरिवला. मी बघितलाय. तवा तुझा जलम नव्हता.”

मनोजचं तोंड उघडंच राहिलं. त्यात शेंगदाणे होते.

“नाना, मला सांगायचं ना!”

“काय सांगायचं? गावात समद्यास्नी ठाव हाय. म्हटलं, तुलाबी आसंल.”

“मग मी खात होतो तेव्हा तरी...”

“आता खाणाऱ्याला कसं म्हणावं, नको खाऊ?” नाना म्हणाले. “लहानपणी जेवत नव्हतास तू. तुझी आई ताट घेऊन मागं पळायची. आता जेवतोय तर जेवू दे, म्हटलं. मी वाढवीन पोतं.”

मनीषा दारात उभी होती. ती आत गेली आणि तिने भाकऱ्यांचा तवा उतरवून ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मनोज जिममध्ये धावत गेला. “राज, उतरव.”

“काय, दादा?”

“सगळं. पुढच्या आठवड्यात यात्रा आहे.”

“दादा, आत्ता कुठे सेट होतोय आपण!” राजच्या चेहऱ्यावर खरं दुःख होतं. “कटिंगला महिने लागतात. आणि खाणं एकदम सोडू नका हं, मसल जाईल. पोट राहील.”

राजचं हे भाकीत तंतोतंत खरं ठरलं. मनोजने जेवण सोडलं, कालव्याच्या कडेने पळाला, गरम पाण्यात लिंबू पिऊन दिवस काढले. गाल बसले, डोळे आत गेले, दंड ओसरले. पोट मात्र कायम कर्मचाऱ्यासारखं जागेवर राहिलं. अक्काबाईंनी डोळ्याला पदर लावला. बहिरूने टपरीवरून आवाज दिला, “मन्या, चहा घे, बिनसाखरेचा! आरं, तुला गाड्या वढाया सांगितलं व्हतं, गाडीयेवढं व्हाया न्हाय!”

यात्रेच्या आदल्या दिवशी मनोज नानांपुढे जाऊन उभा राहिला. “नाना, मी नाही घेत मान. बहिरूला द्या. तुमच्या पायाला काही झालं तर...”

“गप,” नाना म्हणाले. “माझ्या बापानं मला न्हेला. मी तुला न्हेणार.”

यात्रेच्या दिवशी देवळापुढे गर्दी. नानांच्या कपाळाला, गळ्याला हळद. त्या हळदीत ते आणखीच लहान दिसत होते. मनोजने घड्याळ काढलं, पट्टा काढला, खिशातला रुमाल मनीषाकडे दिला आणि बसण्याआधी श्वास पूर्ण सोडला. (हवेचंही वजन असतं, असं त्याने शाळेत वाचलं होतं.) नाना खाली वाकले. मनोज बसला. क्षणभर काहीच हललं नाही. मग नाना उठले.

गर्दीतून ओरडा झाला. भंडारा उधळला. नाना चालू लागले. पहिली बाजू गेली. दुसरी गेली. देवळाच्या मागच्या बाजूला सावली होती, तिथे लोक कमी. मनोजला तिथे नानांचा श्वास ऐकू येऊ लागला, आणि मांडीखालचा खांदा थरथरताना कळू लागला. कोपरा वळला. समोर देवळाचं दार दिसत होतं, यादवराव उपरणं हलवत होते. नानांचा गुडघा एकदा लचकला. ते थांबले. पुन्हा एक पाऊल टाकलं.

मनोजने खांद्यावरून अंग सोडलं आणि पाय भुईला टेकवला.

भंडारा उधळणारे हात थांबले. नाना वळले. त्यांच्या कपाळावरची हळद घामाने डोळ्यांत उतरली होती.

“का उतरलास?”

“नाना, तुम्ही पडला असता.”

“पडलो व्हतो का?”

मनोज नानांच्या गुडघ्याकडे बघत राहिला.

“पडलो व्हतो का मी?” नानांनी गर्दीला विचारलं. लोक अंगावरचा भंडारा झटकू लागले. यादवराव रिवाजाचे पक्के. त्यांनी खाली बघत बहिरूला हाक मारली. बहिरूने कानावरची विडी टपरीच्या पोऱ्याकडे दिली, पहिल्यांदाच काही न बोलता पुढे आला आणि नानांच्या पाया पडला. नानांनी त्याला उचललं ते खांद्यावर टॉवेल टाकावा तसं, आणि फेरा पुरा केला.

मग बहिरूच्या कमरेला दोर बांधला. दोर घसरला, त्याला दोन वेढे जास्त दिले. ‘येळकोट’ झाला आणि बाराही गाड्या निघाल्या. मनोज प्रथमच हे बाजूला उभा राहून बघत होता. एरवी तो दरवर्षी गाडीत बसलेला असे. त्याला दोन गोष्टी दिसल्या. एक, देवळापासून वेशीपर्यंतचा रस्ता चांगलाच उताराचा आहे. दोन, मागच्या गाडीला निम्मं गाव हात लावून ढकलत असतं. बहिरू पुढे पळत होता तो गाड्या ओढायला नव्हे, तर गाड्या अंगावर येऊ नयेत म्हणून. वेशीला तो पोचला तेव्हा त्याला साधी धापही लागली नव्हती.

मनोज मनीषाजवळ आला. “हे असं असतं?”

“असंच असतं,” मनीषा म्हणाली. “अहो, तुम्हाला काय वाटलं, नाना एकटे ओढत होते?”

तेच वाटलं होतं. लहानपणापासून तेच वाटलं होतं.

नाना त्यानंतर मनोजशी बोलत नाहीत असं नाही. माल किती गेला, पाणी कधी येणार, हे विचारतात. किती भरलास, हे विचारत नाहीत. मनोजचं वजन आता बरंचसं उतरलं आहे. भाकऱ्या दोनच घेतो. एखाद्या संध्याकाळी ओट्यावर बसून तो आपणहून आकडा सांगून बघतो. नाना “बरं” म्हणतात.

शेवटी त्याने यात्रा कमिटीकडे रीतसर अर्ज केला. गत यात्रेत अर्जदाराने पाय स्वतःहून टेकवला, जुन्या मानकऱ्यांकडून कोणतीही कसूर झालेली नाही. सबब पुढील वर्षी फेरा पुन्हा घेण्याची संधी मिळावी, ही विनंती. कमिटीच्या बैठकीत अर्ज वाचला गेला. बहिरूने हरकत नसल्याचं सांगितलं. गाड्या सोप्या आहेत पण हळद कपड्यांवरून जात नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. मात्र खांदा नानांचा असल्याने यादवरावांनी अर्ज नानांकडे अभिप्रायासाठी पाठवला.

अर्ज नानांच्या टोपीत आहे. ते तो अधूनमधून काढतात, चष्मा लावून वाचतात, पुन्हा घडी करून ठेवतात. स्मरणपत्र पाठवावं, तर नाना त्याच घरात, शेजारच्या खोलीत राहतात.

अभिप्राय अद्याप प्राप्त नाही. अर्ज प्रलंबित आहे.