तावडेकाकांची खिंड

आमच्या जिन्यात प्रत्येक मजल्यावर ग्रिलला लाल लोकरीचा धागा बांधलेला आहे. नव्या भाडेकरूंना वाटतं, कोणीतरी नवस बोललंय. नवस वगैरे काही नाही. तावडेकाका वारा बघतात.

सहाव्या मजल्यावरचे हे काका मूळचे घाटाच्या पायथ्याचे, मालवणी. आमच्या दोन विंगांमधल्या बोळाला ते 'खिंड' म्हणतात. थंडीत सकाळी नॅशनल पार्कच्या डोंगरावरून वारा उतरतो आणि खिंडीतून शहाण्यासारखा जातो. दुपारकडे तो समुद्रावरून उलटा येतो आणि चिंचोळ्या जागेत शिरला की पिसाळतो. हे त्यांनी अख्ख्या सोसायटीला समजावलंय, तेही लिफ्टमध्ये, जिथून सुटका नाही. धागा उलटा उडाला की काका जिन्यातून ओरडत उतरतात, "वारो फिरलो, खिडक्यो धापा!" धापा म्हणजे बंद करा, हे आता आमच्या गुजराती शेजारणीलाही कळतं. एकदा माझा बनियन उडून पलीकडच्या सोसायटीत गेला. काका स्वतः जाऊन घेऊन आले आणि तो कुठे कसा वळला हे इतक्या कौतुकाने सांगू लागले, की बनियनने घराण्याचं नाव काढलं असं मला वाटलं.

यंदा जिना रंगवायचा ठरला. धागे काढा, असा ठराव झाला आणि सेक्रेटरी म्हणून सांगायला मला धाडलं. सकाळी साडेदहाला गेलो. काकी उघड्या खिडकीशी बसून माहेरच्या कुठल्याशा लग्नाची गोष्ट सांगत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना बोलताना ऐकलंच नव्हतं.

ठराव ऐकून काकांनी मला बाजूला घेतलं. पश्चिमेला टॉवरचं काम सुरू झाल्यापासून समुद्रावरचा वारा त्याची धूळ घेऊन येतो आणि काकींना दमा आहे, असं ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "डोंगराचो वारो असता तेवडोच येळ ती माझ्यावांगडा बोलता रे. मगे दम लागता. दिवसभर गप."

मला माझी लाज वाटली. रंगाऱ्याला धाग्यांना हात लावू द्यायचा नाही, हे मी तिथेच ठरवलं. काकींनी बसवून घेतलं, चहा झाला, गोष्टीतल्या नवऱ्याची वरात होडीत चढली. तेवढ्यात काका जिन्यातला धागा बघून आले. घरात ते ओरडत नाहीत. मुकाट्याने खिडकी लावू लागले. वरात अजून खाडीच्या मध्यावर होती.

"ऱ्हवांदे," ते काकींना म्हणाले, "पुढचा उद्या सांग."