कुणाच्या तोंडचं नाव?

वसईजवळच्या उमेळ्यात, आमच्या आळीत भांडीवाली शिरली आणि तिने "जर्मनची भांडीऽऽ" अशी आरोळी ठोकली, की इनास मास्तर अंगणात हजर व्हायचे. अंगात गंजिफ्रॉक, डोळ्यांवर चष्मा आणि हातात केळीची पानं कापायचा कोयता. तो खाली ठेवायचं भान रागाच्या भरात त्यांना कधीच राहिलं नाही.

"काय म्हणालीस? पुन्हा म्हण!"

"जर्मनची भांडी, मास्तर. टोप हायत, पातेली हायत..."

"ते अ‍ॅल्युमिनियम आहे बये, अ‍ॅल्युमिनियम! अख्ख्या देशाचं नाव टोपाला लावतेस? उद्या तुझ्या आईचं नाव मी केरसुणीला लावलं तर चालेल?"

भांडीवाली पाटी उचलून माणिकपूरची वाट धरायची. पण वाट धरायची ती मास्तरांच्या मागच्या दारावरून. तिथे मास्तरीणबाई उभ्याच असत. त्या घरात जर्मनचे जितके टोप होते तितके अख्ख्या आळीत नव्हते.

इनास मास्तरांनी आम्हाला भूगोल शिकवला. शिकवला म्हणजे काय, भूगोलावर ते रोज तासभर रागवायचे आणि आम्ही ऐकायचो. निवृत्त झाल्यावर वर्गातली पोरं गेली, राग राहिला. मग वाडीतल्या केळी आणि कुंपणापलीकडचा मी, असे दोघेच ऐकणारे उरलो. कुणी कुठल्याही देशाचं नाव घेतलं की ते एकच विचारत, "कुणाच्या तोंडचं?" बाकीच्या देशांवर दोन-चार वाक्यांत भागायचं. जर्मनीवर मात्र संध्याकाळ जायची.

"ते लोक स्वतःला काय म्हणतात? डॉइचलांड! म्हणजे लोकांचा देश. साध्या रयतेची बोली बोलणाऱ्यांचा देश. किती सरळ नाव! पण शेजाऱ्यांना चैन पडेल तर शपथ. फ्रेंच म्हणाले आलमान्य, तिथल्या एका टोळीवरून. पोर्तुगीजांनी तेच उचललं. फिनलंडवाल्यांना दुसरी टोळी भेटली, ते म्हणाले साक्सा. अरे गाढवा, म्हणजे कुणाला उमेळ्याचा एक माणूस भेटला, म्हणून त्याने सबंध हिंदुस्थानाला उमेळे म्हणावं?"

"आणि जर्मनी हे कुणाचं, मास्तर?"

"रोमनांचं! आणि अर्थाचा धड पत्ता नाही. कुणी म्हणतं शेजारी, कुणी म्हणतं आरडाओरडा करणारा."

"मग दोन्ही अर्थ तुम्हाला फिट्ट बसतात की!"

त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्या देखत केळीच्या झाडाशी बोलायचे, माझ्याशी नाही.

त्यांचा खरा दात होता पोलंडवर. आळीतला एक जण बोटीवर कामाला होता. तो सुटीवर आला की बिचाऱ्याला घरी पोचायच्या आधी मास्तर गाठायचे, कुठल्या बंदरात जर्मनीला काय म्हणतात ते विचारायला. त्याच्याकडूनच त्यांना कळलं, की पोलंडवाले जर्मनांना म्हणतात न्येम्त्सी. म्हणजे मुके.

"मुके!" मास्तर कोयता हवेत फिरवत ओरडले. "यांना त्यांची भाषा कळत नाही, म्हणून ते मुके? स्वतःच्या कानात बोळे आणि दुसऱ्याच्या जिभेला नावं! आपलं तरी काय झालं? पोर्तुगीज आले, आपल्या वसईला बासाईं म्हणाले. इंग्रज आले, बसीन म्हणाले. विचारलं कुणी आपल्याला? अं? विचारलं?"

मी म्हटलं, "नाही." दुसरं काय म्हणणार? कोयता त्यांच्या हातात होता.

आता तुम्ही म्हणाल, उमेळ्यात केळी पिकवणाऱ्या माणसाला जर्मनीचा एवढा पुळका कशापायी? ते आळीला ठाऊक होतं, पण मास्तरांसमोर काढायची कुणाची टाप नव्हती.

त्यांची एकुलती एक मुलगी सिसिल. घरात सिसू. नर्सिंग शिकली आणि चर्चच्या सिस्टर लोकांच्या ओळखीने पश्चिम जर्मनीत इस्पितळात लागली. तेव्हा मास्तरांनी आळीभर केळी वाटली होती. मग तिने तिथल्याच एका माणसाशी लग्न ठरवलं. आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नवरानवरीची नावं पुकारतात. कुणाची हरकत असली तर सांगावी म्हणून. पण खरं म्हणजे आईबापांना पहिल्या बाकावर ताठ बसता यावं म्हणून. सिसूचं नाव आमच्या चर्चमध्ये पुकारलंच गेलं नाही. रजा नाही, पैसे नाहीत, तिने तिथेच लग्न उरकून घेतलं.

"परक्या फादरने माझ्या पोरीचं नाव पुकारलं!" मास्तर तेव्हा गरजले होते. "त्सेत्सिलिया! तिकडे तसं म्हणतात म्हणे. कोण ही त्सेत्सिलिया? कुणाच्या तोंडचं नाव ते?"

तेव्हापासून मुलीशी अबोला. पत्रं मास्तरीणबाई लिहायच्या, त्याच वाचायच्या. आणि मास्तरांचं ते देशाच्या नावाचं वेड सुरू झालं तेही तेव्हापासूनच. मला याचा अस्सा संताप यायचा! माणसाला त्या देशाच्या वतीने सगळ्या युरोपशी भांडायला जीभ आहे, आणि पोटच्या पोरीला 'बरी आहेस ना' विचारायला नाही?

ऐंशी सालाच्या पुढेमागे एका नाताळात सिसू आली. तिच्याबरोबर पाच वर्षांची लेक, आना. नवऱ्याला रजा मिळाली नव्हती. मास्तर मुलीशी बोलले नाहीत, पण नात दिसली आणि म्हातारा विरघळला. तिला केळफूल दाखव, विहिरीतलं कासव दाखव, सुकेळी भरव. पण ती पोर एक शब्द बोलेना. मास्तर मराठीतून विचारायचे, इंग्रजीतून विचारायचे, ती नुसती बघायची. तिच्या देशाला अर्धं जग काय म्हणतं ते त्यांना पाठ होतं, पण 'भूक लागली का' हे तिच्या भाषेत येत नव्हतं. सांगू शकणारी एकच होती, आणि तिच्याशी अबोला. परतीचा दिवस जवळ आला तसे ते जास्तच चिडचिडे झाले.

अशात एका सकाळी शेजारची कातरीनबाय अंगणात आली. आनाच्या गालाला हात लावून हळहळली, "काय गोरीपान पोर गो! पन मुकी हाय का?"

झालं! मी कुंपणाशी होतो, मला कळलं आता काय होणार ते.

"मुकी? कोण मुकी?" कोयता वर गेला. "तू काय पोलंडची आहेस? तुला समजत नाही म्हणून माझी नात मुकी? चालती हो! अख्खी दुनिया नावं ठेवते, आता माझ्या अंगणात येऊन..."

आवाज वाढतच गेला. कातरीनबाय सटकली. आणि आना भ्यायली. मोठ्याने रडत ती भडाभडा काहीतरी बोलली. एक नाही, चांगली चार-पाच वाक्यं. मग मास्तरांकडे बघत गप्प झाली.

मास्तर तसेच उभे. पोर एवढं बोलली आणि त्यातलं एक अक्षर त्यांना कळलं नव्हतं. सिसू दारात उभी होती. तीही काही बोलेना. बापाचीच पोर ती.

मग मास्तरांनी कोयता खाली ठेवला. मी तरी तो पहिल्यांदाच खाली ठेवलेला पाहिला.

"सिसू," ते म्हणाले. शाळेतली भाषा कुठल्या कुठे गेली होती. "काय म्हनते गो ती?"

सिसू पुढे आली. "बाबा, ती म्हनते, ओपा, म्हंजे आजोबा, माझ्यावर का रागावलाय? मी काय केलं?"

"तिला सांग... तिला सांग, तुझ्यावर नाय."

"मग कुनावर, ते विचारील ती."

मास्तरांनी चष्मा काढला, गंजिफ्रॉकला पुसला, परत लावला. "सांग, कुनावरच नाय. सांग, म्हातारा खुळा हाय." आणि तिथेच पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. मी कुंपणाकडे पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी भांडीवाली आली. "जर्मनची भांडीऽऽ!" आळी श्वास रोखून बसली. मास्तर बाहेर आले, कडेवर आना, हात मोकळा. त्यांनी खेळण्यातला एक इवलासा टोप घेतला आणि पुढच्या दारात, सगळ्यांच्या देखत पैसे दिले.

"काय मास्तर," मी कुंपणावरून डिवचलं, "जर्मनचा टोप?"

"मास्तर नको म्हणू," ते गुरगुरले. "ओपा म्हण."

इतक्या वर्षांचं उट्टं काढायची संधी मी कशाला सोडतोय? "ओपा? कुणाच्या तोंडचं नाव?"

त्यांनी आनाच्या तोंडाकडे बोट दाखवलं, आणि ती हसली.