चुरी सरांची खानेसुमारी

आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांच्या चपला शेजारचे चुरी सर उलट्या करून बघतात. नुसत्या बघत नाहीत, तळाची ओली माती चमच्याने खरवडून पिशवीत भरतात आणि पिशवीवर पाहुण्यांचं नाव लिहितात. माझ्या पुतणीला बघायला मंडळी आली होती तेव्हाही त्यांनी हे केलं. दोन दिवसांनी कुंपणापलीकडून निकाल आला, "मुलाच्या काकांच्या वाडीत मुळं पोखरणारे फार आहेत. बाकी स्थळ चांगलं आहे." लग्न झालं. त्या वर्षी काकांची वांग्याची झाडं खरोखरच माना टाकून बसली, आणि तेव्हापासून माझी बायको दर सणाला सरांना ताट पाठवते.

सरांनी कधी कुणाला शिकवलेलं नाही. कोसबाडच्या एका संस्थेत ते प्रयोगशाळेत मदतनीस होते. चौदा साली निवृत्त झाले आणि जुना सूक्ष्मदर्शक विकत घेऊन डहाणूला आमच्या शेजारी एकटेच राहायला आले. त्यांचा जीव सूत्रकृमींवर. मातीत असतात हे, केसाहून बारीक आणि डोळ्यांना न दिसणारे. काही मुळं पोखरतात, पण बरेचसे बिचारे जिवाणू नाहीतर बुरशी खाऊन राहतात, आणि काही मोठे धटिंगण बाकीच्यांना खातात. नांगरलेल्या, खत ओतलेल्या शेतात येतात ते जत्रेतले लोक, असं सर म्हणत. झटकन जमतात, झटकन पांगतात. वर्षानुवर्षं कुदळ न लागलेल्या जागेत मात्र मुरलेले, जुने रहिवासी सापडतात. त्यामुळे सर कुणाला "कसे आहात?" विचारत नसत. "वस्ती कशी आहे?" विचारत. नवा माणूस आपल्या आळीबद्दल सांगू लागे आणि सर कंटाळून आत जात.

मोजणीची तऱ्हा साधी होती. रॉकेलच्या नरसाळ्याला खाली रबरी नळी आणि चिमटा. वर कागदी रुमाल, त्यावर चमचाभर ओली माती, आणि पाणी. जिवंत असतील ते दुसऱ्या दिवसापर्यंत पोहत खाली नळीत उतरतात. कागदी रुमालांसाठी सर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बस बदलत अच्छाडच्या एका ढाब्यावर जात. डाळ-भात खात आणि गठ्ठाभर रुमाल खिशात घालून परत येत. फुकटच्या कागदासाठी एवढी यातायात करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, असं मी गावभर सांगत असे.

त्यांच्या मागच्या अंगणात ओल्या गोणपाटाखाली एक घमेलं होतं, मातीने भरलेलं. सर त्यावर रोज पाणी शिंपडत. सगळ्या तालुक्याची माती मोजणारा हा गृहस्थ त्या घमेल्यात चमचा घालत नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ती मोजायची नाही." आणि विषय बदलला.

सोळा सालच्या थंडीत उधव्याच्या लखमीबाईंनी पिशवी पाठवली. डोंगरउतारावर नागली, खाली भात आणि घराच्या मागे सासऱ्याच्या काळापासून राखलेली झाडी असा त्यांचा संसार. पिशवी त्या झाडीतल्या मातीची होती. सरांनी मोजली. शून्य. पुन्हा मोजली. शून्य. सर जेवले नाहीत. सकाळी मला स्कूटर काढायला लावली आणि आम्ही उधवा गाठलं.

लखमीबाई दारातच बसल्या होत्या. सरांनी विचारलं, झाडीत काय फवारलं? त्या चक्रावल्या.

"काय नाय फवारला, सर. गेल्या साली सरकारचे मातीचे कार्डवाले आले, ते बोलले माती सुकवून, चाळून द्या. तुमी तर घरचे. म्हणून मी चार दिस उन्हात सुकवली, सुपात पाखडली, खडा न् खडा काढला."

माती वाटेतच सुकली असं सरांनी धरलं होतं. ते मटकन ओट्यावर बसले. "बाई, अख्खं गाव सुपात घालून मारलंत की हो," म्हणाले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग स्वतः झाडीत जाऊन ओली माती घेतली.

परतताना वाट वाकडी करून मला अच्छाडला नेलं. ढाब्याच्या अगदी बाहेरच्या टेबलावर बसले. समोर ट्रक उभे करायचं मैदान होतं, दाबून कडक केलेलं.

"तिसरा ट्रक दिसतो ना, तिथे विहीर होती," सर म्हणाले. "आमची वाडी. भावांनी विकली. सही माझीही आहे."

जेसीबी यायच्या आदल्या दिवशी त्यांनी एक घमेलं माती उचलून आणली होती. झाड नाही, मूळ नाही, तर घमेल्यात वस्ती किती टिकते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते मोजत नव्हते. मला माझीच लाज वाटली. त्या दिवशी रुमालांचा गठ्ठा मी उचलला.

माझ्या पोटात काही राहत नाही. लखमीबाई बाजाराला आल्या तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. त्या तडक सरांच्या अंगणात गेल्या, गोणपाट उचललं, माती मुठीत घेऊन हुंगली. "घमेल्यात माती नाय राहत, सर. आमच्या झाडीत आनून टाका."

सर तीन आठवडे नाही म्हणत राहिले. मुळं पोखरणारे त्यात असतील तर बाईंच्या जमिनीत जातील, म्हणून मोजल्याशिवाय देता येईना. आणि मोजायची तर त्यांची छाती होईना. शेवटी एका सकाळी मला बोलावलं. नरसाळ्याखालचं पाणी काचेवर घेतलं आणि बराच वेळ डोळा लावून बसले. पोखरणारे नव्हते. बाकीही फारसं कुणी नव्हतं.

"एक आहे," सर हळूच म्हणाले. "मोठा. जुन्यातला. अजून आहे."

घमेलं मांडीवर घेऊन ते माझ्या मागे स्कूटरवर बसले. लखमीबाईंनी झाडीतला पालापाचोळा हाताने बाजूला केला, सरांनी माती ओतली, बाईंनी वर पाला परत ओढला.

पुढच्या थंडीत लखमीबाई स्वतः पिशवी घेऊन आल्या. ओली, गच्च गाठ मारलेली. सरांनी मोजली. मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, वस्ती कशी आहे?

"भरलेली आहे," ते म्हणाले. मग बाईंकडे वळले. "पण यातले आमचे कुठले आणि तुमचे कुठले, ते काही सांगता येत नाही."

"मग नका सांगू," लखमीबाई म्हणाल्या. "रविवारी जेवायला या."

आता महिन्याचा पहिला रविवार सर उधव्याला घालवतात. अच्छाड सुटलं, त्यामुळे कागदी रुमाल संपले. माझे दोन सुती रुमाल सध्या त्यांच्या नरसाळ्यात आहेत. मी ते परत मागितलेले नाहीत.