नको ते खोडा

नगरपालिकेचा कागद मिस्त्रींनी जेवणाच्या टेबलावर पसरला आणि तो उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. पाण्याकाठी तीस हजार माणसं बसतील असं स्टेडियम बांधायचं घाटत होतं, आणि नेमकी तिथंच मिस्त्रींची होड्या दुरुस्त करायची शेड होती. चाळीस वर्षं त्यांनी त्या शेडमध्ये होड्यांची भोकं बुजवली होती. प्रस्तावाचा निकाल लावण्याआधी नगरपालिकेला लोकांचं मत हवं होतं.

मिस्त्री पन्नाशी उलटल्यावर वाचायला शिकले. त्यामुळे छापील अक्षरावर त्यांचा फार विश्वास. बोट ठेवून त्यांनी सगळा कागद वाचला. वर एका ओळीत होतं, 'हरकत आहे / हरकत नाही'. त्याखाली, काठावर पुढं काय येणार त्याची यादी: स्टेडियम, सरकतं छत, प्रकाशझोत, वाहनतळ, मैदान. मग सध्या काय आहे ते: धक्का, दोन झाडं, होडी दुरुस्तीची शेड. आणि तळाला ठसठशीत अक्षरांत, 'नको ते खोडा'.

"बघ," ते बायकोला म्हणाले, "नगरपालिका असून किती सरळ विचारलंय."

त्यांनी पट्टी लावली, सुतारकामाची चपटी पेन्सिल घेतली आणि 'स्टेडियम' या शब्दावर आडवी रेघ मारली. वरच्या दोन हरकतींना त्यांनी हात लावला नाही. त्या नगरपालिकेच्या होत्या.

बातमी गल्लीत पसरली. ज्याला कागद कळत नव्हता तो मिस्त्रींकडे आला, आणि ज्याला कळत होता तोही खात्री करून घ्यायला आला. मिस्त्रींनी सगळ्यांना एकच सांगितलं, "घाबरायचं नाही. यादी वाचा आणि जे नको असेल त्यावर रेघ मारा." दुसऱ्याच्या कागदात डोकावणं त्यांना पटत नव्हतं, म्हणून प्रत्येकाने रेघ मारली की ते तोंड फिरवून कागदाची घडी घालत. असे दोनशे बारा कागद त्यांनी स्वतः सायकलवरून पोचते केले.

सुनावणीला मिस्त्री पहिल्या रांगेत बसले. शेजारी बायको, मागे गल्लीतला शिंपी. अध्यक्षबाईंनी चष्मा लावला आणि कारकुनाला विचारलं, "हरकती किती?"

"एकही नाही, बाई."

मिस्त्री उभे राहिले. "दोनशे बारा कागद मी स्वतः आणून दिलेत."

"आलेत की. पण हरकतीच्या ओळीला कुणी शिवलेलंच नाही. तिथं एक खोडायचं होतं. तुम्ही सगळ्यांनी खालची यादी खोडलीय."

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्षबाई मात्र पुढे सरकल्या. "थांबा. लोकांनी इतकं मोकळेपणानं आपल्याला कधी सांगितलंय? वाचा बघू, कशावर किती रेघा आहेत."

कारकून वाचू लागला. "वाहनतळ, एकशे साठ. प्रकाशझोत, एकशे एक्केचाळीस. सरकतं छत, एकशे वीस. स्टेडियम, एक."

"एक?" मिस्त्री मटकन खाली बसले.

"आणि होडी दुरुस्तीची शेड," कारकुनाने पान उलटलं, "एकशे अठ्ठ्याण्णव."

मिस्त्री हळूच मागे वळले. शिंपी छताकडे बघत होता.

"तुम्हीसुद्धा?"

"मिस्त्री, तुमच्याबद्दल काही नाही हो. पण सकाळी सहापासून ठोकाठोक. माझी सुई त्या ठेक्यावर चालते, शिवण वाकडी जाते. तुम्हीच म्हणालात, घाबरायचं नाही."

मिस्त्रींनी बायकोकडे बघितलं. ती पदराचा दोरा काढण्यात गुंतली होती.

"तू?"

"चाळीस वर्षांत मला कुणी विचारलं का?" ती शांतपणे म्हणाली. "कागदानं विचारलं. मी सांगितलं."

इकडे अध्यक्षबाईंनी सभासदांशी दोन मिनिटं खलबत केलं. शंभराच्या वर रेघा असलेली प्रत्येक गोष्ट वगळायची ठरलं. वाहनतळ गेला, झोत गेले, छत गेलं. "गाड्या लावायला जागा नाही, संध्याकाळनंतर दिवा नाही, तर तीस हजार माणसं येतील कशाला?" असं म्हणून बाईंनी स्टेडियमही सोडून दिलं. उरलं एक साधं मैदान. आणि शेड हलवायची.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिंप्याने मिस्त्रींची पाठ थोपटली. "एवढं मोठं स्टेडियम बुडवलंत, मिस्त्री."

"शेड हलवायची, पण कुठं?" मिस्त्रींनी कारकुनाला विचारलं.

कारकुनाने नियमांचं पुस्तक चाळलं. "मालकाच्या घराला लागून मोकळी जागा असेल, तर पर्यायी जागा तीच धरतात. तुमच्याकडे अंगण आहे ना?"

"आहे."

"मग झालं. महिन्याभरात माणसं पाठवून जशीच्या तशी उभी करून देतो. स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसेल."

दोरा हातातच राहिला आणि मिस्त्रींची बायको उठून उभी राहिली. मघाशी मिस्त्रींचा चेहरा जसा पडला होता, तसाच आता तिचा पडला.

"दादा," ती कारकुनाला म्हणाली, "याला हरकत घ्यायची असली तर?"

"हरकतीची मुदत कालच संपली, काकू."